हात लावायचा नव्हता तो फोटो

आमच्या घरी फाटलेलं दिसू द्यायची चाल नव्हती. आप्पा उंब्रजला शिंपीकाम करायचे. हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान, मागं दोन खोल्या, आणि दिवसभर मशीनचा आवाज. तो आवाज थांबला की आई चुलीपासनं मान वर करून बघायची, हे आजारी पडले की काय म्हणून. शिवणात आप्पांचं नाव बेताचंच होतं. बाह्या थोड्या आखूड व्हायच्या, लोक हसायचे, आप्पा म्हणायचे, तुझे हात वाढलेत. पण रफूला त्यांच्यासारखा माणूस कराडपासनं साताऱ्यापर्यंत नव्हता, हे मी मुलगा म्हणून सांगत नाही. उंदरानं कुरतडलेला शालू असो की विडीनं भोक पडलेला कोट, आप्पा त्याच कपड्याच्या दुमडीतला धागा काढायचे, दारात उजेडाला बसायचे आणि एकेक धागा वरखाली घालत भोक बुजवायचे. मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "उजेडाकडं धरा आणि कुठं फाटलं हुतं ते दाखवा. घावलं तर मशीन विकून टाकतो." कुणाला कधी घावलं नाही. जेवताना ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढंच असलं तरी आप्पांच्या धोतराला कधी ठिगळ दिसलं नाही. गरिबी होती, पण ती आतल्या बाजूला होती.

सुईत दोरा ओवायचं काम अक्काचं. शालन तिचं नाव, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आई दुकानाच्या काजा-बटणांत अडकलेली, त्यामुळं मला अक्कानंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. तिचं हसणं मोठं होतं, अगदी रस्त्यापलीकडं ऐकू जायचं. आई म्हणायची, "शालन, ट्रक थांबतील गं." अक्का म्हणायची, "थांबू देत, आप्पांकडं कापडं टाकून जातील." चौथीत असताना गुरुजींनी माझी चूक नसताना मला मारलं, आणि वर माफी माग म्हणाले. मी मागितली नाही. पाटी उचलली आणि घरी आलो, ते परत गेलो नाही. आप्पांनी मारलं, आईनं समजावलं, मी ढिम्म. अक्का एकटी म्हणाली, "नगं जाऊस. पण माफी न मागायची सवय लागली की मोडत न्हाई बघ." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

मग मी आप्पांच्या शेजारी बसून रफू शिकलो. मी सतरा-अठराचा असताना सांगलीचे एक फोटोवाले कोटाला रफू करून घ्यायला आले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांचा कोट मी रफू केला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, चष्मा काढला, परत लावला, आणि आप्पांना म्हणाले, "हे पोरगं मला द्या. ह्या हाताला मी कापडापेक्षा बारीक काम देतो."

ते बारीक काम म्हणजे रिटचिंग. आज माझी नात मोबाईलवर बोट फिरवते आणि तोंडावरचा मुरूम जातो, डोळे मोठे होतात, रंग उजळतो. तिला मी सांगितलं की हे मी पेन्सिलीनं करत होतो, तर तिला खोटं वाटलं. खिडकीपाशी तिरकं टेबल असायचं, त्यात दुधी काच, खाली आरसा. आरसा उजेड वर फेकायचा आणि काचेवर निगेटिव्ह ठेवलं की माणूस उलटा दिसायचा, केस पांढरे आणि दात काळे. चेहऱ्यावर जिथं काळा डाग, तिथं निगेटिव्हमध्ये नुसती काच, आरपार. पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची आणि त्या मोकळ्या जागेत टिंबटिंब भरत जायचं. रफूच ते. फोटो छापला की डाग गेलेला. देवीचे व्रण असलेल्या कितीतरी मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमली. एकदा एका नवऱ्यामुलाचा बाप फोटो घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "ह्या फोटोतली पोरगी कुठं हाय ते सांगा, आमच्या घरात भलतीच आलीया." उस्ताद हसून हसून खोकले. मिरजेचे, जयसिंगपूरचे स्टुडिओवाले माझ्याकडं निगेटिव्ह पाठवायचे. चौथी नापास पोराला सगळे मिस्त्री म्हणायचे. माझी मान त्या दिवसांत फार ताठ होती.

स्टुडिओ पुढं आणि उस्तादांचं घर मागं. मधे एक पडदा. त्यामुळं फोटो धुवायच्या हायपोच्या वासात कायम कांदा परतल्याचा वास मिसळलेला. मी तिथंच जेवायचो. दुपारी भाभी, म्हणजे उस्तादांची बायको, पडद्यातनं हात काढून भडंगाची वाटी माझ्या टेबलावर ठेवायची, आणि वर सांगायची, "हात पुसून मग पेन्सिल धर, नाहीतर नवरीच्या गालावर तेल येईल." मी सांगलीला गेल्यावर दोन वर्षांत उस्तादांना अर्धांगवायू झाला. ते मागच्या खोलीत खाटेवर पडले आणि काही हवं असलं की काठीनं भिंतीवर ठोकायचे. तेव्हापासून कॅमेरा भाभीनं हातात घेतला. लोक म्हणाले दुकान बुडणार. उलट बायका जास्त यायला लागल्या. पुरुषासमोर बसायला ज्यांना घरातनं परवानगी नव्हती, त्या भाभीसमोर बसायच्या.

आणि मग ते दुसरे फोटो सुरू झाले. पहिल्यांदा कोण आलं ते मला नीट आठवत नाही, बहुतेक बांगड्या विकणारी एक बाई. नवऱ्यानं मारलं म्हणून ती चौकीवर गेली होती. दोन-तीन वेळा परत पाठवली, आणि शेवटी आत घेतली तेव्हा विचारलं, खूण कुठं आहे. खूण तोवर गेली होती. पुढच्या वेळी मार खाल्ल्यावर ती चौकीवर गेलीच नाही, थेट भाभीकडं आली. भाभीनं तिला नवरानवरीच्या फोटोला वापरायची ती उंच पाठीची खुर्ची दिली. "ताठ बस. पदर मागं घे. खाली बघायचं नाही, माझ्याकडं बघ." लग्नाच्या फोटोत आम्ही मुलींना नजर खाली ठेवायला सांगायचो. ह्या फोटोंत उलटं. डोळा सुजून बंद झालेला असला तरी दुसऱ्या डोळ्यानं सरळ बघायचं. मग एक सांगून दुसरी, तिसरी. सगळ्या जातींच्या, सगळ्या घरच्या. एक तर पेठेतल्या मोठ्या घरची होती, टांगा लांब उभा करून चालत आली. भाभी त्या निगेटिव्हच्या पाकिटाला तांबडा दोरा बांधायची. मला एकदाच सांगितलं होतं, "तांबड्या दोऱ्याला हात लावायचा नाही."

मला ते आवडायचं नाही, खरं सांगतो. जिथं माझ्या हाताचं नाव झालं त्या दुकानातनं असं काम बाहेर जातंय असं वाटायचं. हात शिवशिवायचा. त्यातल्या ज्या बाईची तयारी असेल तिचा फोटो भाभी मोठा करून शोकेसमध्ये लावायची, नवरानवरी आणि पदवी घेतलेली पोरं यांच्या मधोमध. रस्त्यावरनं जाणारे थांबायचे. एकदा शेजारचा भांडीवाला आत येऊन म्हणाला, "भाभी, हे कसलं प्रदर्शन मांडलंय? लग्नाचे फोटो लावा की." भाभी म्हणाली, "हा लग्नाचाच आहे, दादा." एकदा कुणीतरी दगड मारून काच फोडली. भाभीनं काचा झाडल्या, नवी काच बसवून घेतली आणि तोच फोटो पुसून परत लावला.

तोपर्यंत अक्काचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. तासगावच्या बाजूला दिलेली. दाजींची पिठाची गिरणी होती, घर बरं होतं. ती दोनदा उंब्रजला पळून आली होती, आणि दोन्ही वेळा आईनं आठ दिवस ठेवून, डोक्याला तेल घालून, पुरणपोळी करून परत पाठवली होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. त्या सकाळी मी टेबलावर बसलो होतो. भाभी कुणालातरी आत घेऊन आली. मी नेहमीसारखं वर बघितलं नाही. मग ओळखीचा आवाज आला, "काय मिस्त्री, वळख न्हाई देत व्हय?"

डावा डोळा पार मिटलेला. खालचा ओठ फाटलेला. गळ्यावर चार बोटं उठलेली, आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. मी उठलो आणि पहिलं काय केलं तर खिडकीचा पडदा ओढला, रस्त्यावरनं कुणाला दिसू नये म्हणून. हे मी लिहून ठेवतो. आधी पडदा ओढला, मग तिच्याजवळ गेलो.

भाभीनं तिला चहात पाव बुडवून दिला, ओठामुळं तिला चावता येत नव्हतं. अक्का म्हणाली, "गणपतीत आमी सांगलीला आलो तवा बाहेर काचंत एका बाईचा फोटो बगितला हुता. हे म्हणाले, बघू नगंस असल्या बाया. तवाच मी ठरवलं हुतं. भाभी, माझा तसला काढा." मी म्हणालो, "अक्का, चल आदी डाक्टरकडं जाऊ. फोटो कशाला?" ती म्हणाली, "डाक्टर बरं करंल. मला बरं व्हायच्या आदी फोटो पायजे."

तिनं सांगितलं ते असं. उंब्रजला बाजाराच्या दिवशी दोन्हीकडची भावकी बसणार होती, हे आधीच ठरलेलं, त्याला अजून बारा दिवस होते. ती नांदायला जाणार की माहेरी राहणार, ते तिथं ठरणार. तोवर सूज उतरणार, वळ जाणार. आणि नाही गेले तरी दिसणार कुणाला? आमच्यात सासरच्या थोरल्या माणसांपुढं सून तोंड दाखवत नाही. बैठकीला ती दाराआड, पदर हनुवटीपर्यंत. आप्पा बोलले तर म्हणणार बापच तो. "तितं माझं त्वांड फोटोच हाय," अक्का म्हणाली, "दुसरं न्हाई. तू घिऊन ये. कुणाच्या हाती पाठवू नगंस, तूच ये."

भाभीनं तिला त्या खुर्चीत बसवलं. मी दिवे लावले. भाभी काळ्या कापडाखालनं म्हणाली, "शालन, नवऱ्याकडं जसं बघायचं राहून गेलं असेल ना, तसं बघ इकडं." अक्कानं बघितलं. शटरचा आवाज मी हजार वेळा ऐकलेला, पण त्या वेळी मला तो मोठा वाटला. मग अक्का उंब्रजच्या गाडीत बसली आणि मी माझ्या टेबलावर परत आलो.

भाभी कामात होती म्हणून छपाई मागं राहिली. बैठकीला तीन दिवस उरले तेव्हा उस्तादांना दुसरा झटका आला. त्यांना मिरजेला दवाखान्यात हलवलं. भाभी टांग्यात चढताना मला म्हणाली, "शालनचा फोटो तू छाप. जसा आहे तसा. बहीण तुझी आहे म्हणून पेन्सिल लावायची नाही. ऐकलंस?" मी म्हणालो, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते निगेटिव्ह दुधी काचेवर ठेवलं. उजेड खालनं आला. अक्काचे केस पांढरे, आणि डोळ्याखाली, ओठावर, गळ्यावर मोकळी काच, आरपार. भोकं पडल्यासारखी. आपल्या माणसाच्या अंगावरची भोकं मी इतक्या जवळनं कधी बघितली नव्हती. मी पेन्सिल घासली. हात आपोआप चालला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण पेन्सिल घासायलाच पाव तास लागतो, त्यामुळं आपोआप काही नव्हतं. मी म्हणालो, गळ्याची बोटं तेवढी काढू. गळ्यावरची बोटं भावकीत हातोहात फिरायला नकोत, लोक काय काय मनात आणतील. ती काढली. मग ओठ फार भेसूर दिसायला लागला, म्हणून तो शिवला. मग एकटा डोळा राहिला, आणि बाकी चेहरा नितळ असल्यावर तो डोळाच चुकल्यासारखा दिसायला लागला. म्हटलं थोडं ठेवू, कळण्यापुरतं. पण थोडं कसं ठेवायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. डोळ्याची सूज काही पूर्ण जाणारी नव्हती, पण मी सावली अशी भरली की तो नुसता उन्हात बारीक केल्यासारखा वाटायला लागला. दुपारी हात थांबला तेव्हा काचेवर माझी लग्नाआधीची अक्का होती. मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, असा चेहरा बघून कुणाला दया येणार नाही?

बैठकीच्या दिवशी मी पहिल्या गाडीनं निघालो. वाटेत गाडी बंद पडली, त्यामुळं पोचलो तेव्हा आमच्या ओसरीवर सतरंजी टाकून माणसं बसलेली. सासरकडचे पाच-सहा, आमच्या भावकीतले तेवढेच, आणि मधे आमचे नाना, गावात ज्यांचा शब्द चालायचा असे म्हातारे. आत चहाच्या कपांचा आवाज. दाराआड अक्का उभी होती, नऊवारीचा काठ तेवढा दिसत होता.

व्याही सांगत होते, "आमच्याकडं सून फुलासारखी ठिवलीया. जिन्यावरनं पडली, एवढंच. आता पडणाऱ्याला आमी काय करावं?"

आप्पा म्हणाले, "मी माझ्या डोळ्यांनी वळ बगितल्यात."

"बापाच्या डोळ्याला लेकीच्या गालावरची माशीबी वळच दिसती, पावणं." दोघंतिघं हसले.

नाना म्हणाले, "मग पोरीलाच इचारा की."

आतनं अक्काचा आवाज आला. तो लहान नव्हता. "मी सांगून आयकायचं आसतं तर दोनदा आयकलं आसतं. फोटो बगा. भाऊ घिऊन आलाय."

सगळे माझ्याकडं वळले. मी पाकीट आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी फोटो काढला आणि सवयीनं दाराच्या उजेडाकडं तिरका केला, कपडा धरतात तसा. डोळ्यापाशी नेला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. बाकी कुणाला काही कळलं नाही, पण त्यांना कुठं फाटलं होतं ते कळलं होतं. आयुष्यात तेवढंच एक माझं काम कुणाला घावलं. आप्पांनी फोटो नानांच्या हातात दिला.

नाना म्हणाले, "पोरगी तर झ्याक दिसती. ह्यात कुटं काय हाय?"

फोटो हातोहात फिरला. व्याह्यांनी तो घेतला, मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "बगा आता. मार खाल्ल्याली बाई सांगलीला जाऊन आसा फोटो काडून घेती व्हय? हिला मजा चाललीया. सिनेमात घाला हिला." मोठा हशा झाला. आमच्याकडचेही हसले. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सतरंजीवर बारा माणसं तो फोटो डोळ्याला लावून बघत होती आणि एकालाही माझी पेन्सिल दिसत नव्हती, याचा मला क्षणभर अभिमान वाटला. मी ऐंशीला टेकलोय, आणि हे आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. अभिमान गेला आणि मग भीती आली, आणि मग वेळ गेली. नानांनी अक्काला नांदायला पाठवायचं ठरवलं. सुपारी फुटली.

आईनं फोटो आत नेला. अक्कानं तो किती वेळ बघितला मला माहीत नाही, मी ओसरीवर होतो. ती गाठोडं घेऊन बाहेर आली तेव्हा पदर खालपर्यंत होता. माझ्याजवळनं जाताना थांबली आणि फोटोचं पाकीट गाठोड्यात खुपसलं. म्हणाली, "चांगला आलाय." आणि गेली. आप्पा त्या दिवशी मशीनवर बसले नाहीत. मला काही बोललेही नाहीत, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही.

आठवड्यानं भाभी उस्तादांना घेऊन मिरजेहून परत आली. उस्तादांची वाचा गेली होती. तिनं आधी विचारलं, "शालनचं काय झालं?" मी सांगितलं, नांदायला पाठवलं. तिनं उठून तांबडा दोरा सोडला आणि निगेटिव्ह खिडकीकडं धरलं. ओरडली नाही. कापूस टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि निगेटिव्हवरनं एकदा फिरवला. माझं सगळं काम त्या कापसावर आलं. मला डार्करूममध्ये बोलावलं आणि माझ्यादेखत फोटो छापला. ट्रेमधल्या पाण्यात आधी केस आले, मग उघडा डोळा आला, मग हळूहळू बाकीचं सगळं वर आलं. मी मान फिरवली तर म्हणाली, "इकडं बघ. त्या पोरीनं बघितलं होतं, तू पण बघ."

मग म्हणाली, "हा आता शोकेसमध्ये लावता येत नाही. ती त्याच घरात परत आहे. लावला तर मार तिलाच." फोटो वाळल्यावर तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला. "तुझा हात फार चांगला आहे. कुठंही काम मिळेल तुला. इथं नको." मी कारण सांगायला लागलो. माफी मागायचं मात्र मला सुचलं नाही. मागं उस्तादांनी काठीनं भिंतीवर ठोकलं आणि ती आत गेली.

मी कुपवाडला एका कारखान्यात लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. लेथवर काम केलं. पेन्सिल परत धरली नाही, फक्त सहीपुरती. त्या वर्षी भाऊबीजेला तासगावकडं गेलो तेव्हा अक्का ओवाळताना मान सारखी एका बाजूला वळवत होती. मी काही बोललो की, "आं?" दाजी शेजारीच बसून करंजी खात होते. अक्का म्हणाली, "थंडीनं कान फुटलाय डावा." नंतर ती मोठ्यानं हसलेली मी ऐकली नाही. आपल्याला आपलंच हसणं ऐकू येत नसेल तर माणूस कमी हसत असेल, असं मी मनाशी धरलं. मनाशी असलं काहीतरी धरायला मला नेहमीच जमत आलं. मी एकही भाऊबीज चुकवली नाही. दाजी गेले, तिची मुलं मोठी झाली, सुना आल्या, मी जात राहिलो. बोललो मात्र नाही.

दोन वर्षांमागं साताऱ्याची एक मुलगी माझं घर शोधत आली. भाभीची जुनी निगेटिव्ह तिला मिळाली होती. ती स्वतः फोटो काढते, आजच्या बायकांचे, तसेच खुर्चीत ताठ बसवून. दोन्ही मिळून साताऱ्यात प्रदर्शन लावणार होती. म्हणाली, "आजोबा, ह्यातल्या कुणाला ओळखता का? ज्यांचं कुणी सापडेल त्यांना विचारल्याशिवाय मी फोटो लावत नाही." पहिल्याच गठ्ठ्यात अक्का होती. मी म्हणालो, ही माझी बहीण. मी विचारून येतो.

अक्का सोप्यात बसून घेवडा निवडत होती. सून आत भाकरी थापत होती. मी तिच्या शेजारी बसलो, नेमका डावीकडं, आणि आयुष्यभर न बोललेलं हळू आवाजात बोललो. ती निवडतच राहिली. मग मान वळवून म्हणाली, "आं? मोठ्यानं बोल. ह्या कानात काय शिरत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

मी परत बोललो. "आजून मोठ्यानं."

मग मी ओरडून सांगितलं. अक्का, तुझ्या फोटोतले वळ मी पुसले. त्या बैठकीत तुला मी हरवलं. आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. शेजारची बाई भिंतीवरनं डोकावली.

अक्कानं शेंगेचा दोरा ओढून टाकला. "ते मला त्याच दिवशी कळलं रं. सांगलीत दुसरं कोण आसली पेन्सिल चालवत हुतं? पर आत्ता वरडलास तसं तवा वरडायचं हुतंस."

"मग तूच का बोलली न्हाईस?"

"समद्यांम्होरं बोलले आसते तर आप्पांनी तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आनि मला भाऊबीजंला यायला कुनीतरी पायजे हुतं. नवऱ्याला बी ठावं आसावं लागतं, हिच्यामागं कुनीतरी येतं म्हनून."

मी म्हणालो, "अक्का, मला माफ कर." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

ती म्हणाली, "न्हाई." रागानं नव्हे, भाजीला मीठ नको म्हणावं तसं. मग आत गेली, ट्रंकेतनं ते जुनं पाकीट काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "फोटो लाव म्हनावं त्या पोरीला. पर हा बी लाव, शेजारी. आनि खरा कुनाचा ते लिव, खोटा कुनी केला ते बी लिव. नावानिशी."

प्रदर्शन लागायच्या आत अक्का गेली, ताप येऊन, चार दिवसांत. मी एकटाच साताऱ्याला गेलो. हॉल भरला होता. भिंतीवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते, खरा आणि माझा. खाली छापलेली चिठ्ठी होती, तिच्यात अक्काचं नाव होतं, भाभीचं होतं. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, रिटच केलेली प्रत. एवढंच.

मी त्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "आजोबा, तुमचं नाव मी मुद्दाम टाकलं नाही. तुमचं वय, तुमची मुलंबाळं. लोक नावं ठेवतील."

मी म्हणालो, "तुला सांगितलं हुतं ते का केलं न्हाईस?" मी तिथली खुर्ची ओढली आणि चिठ्ठीसमोर बसलो. लोक माझ्यामुळं फोटोजवळ जाऊ शकेनात. शेवटी तिनं पर्समधनं पेन काढलं. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, शालनचा सख्खा भाऊ असंही लिही म्हणालो, आणि ती त्यातलं काही गाळत तर नाही ना, हे बघत तिच्या खांद्याशी उभा राहिलो.